१० लाखांवरून २० वर

दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामॉसला अणुबॉम्बची गुपितं तीन आकड्यांच्या कुलपामागे असायची. प्रत्येक आकडा शंभरांतला, म्हणजे १० लाख शक्यता. कुलपांचा नाद असलेल्या रिचर्ड फाइनमनला कळलं, की आकडा दोन घरं इकडेतिकडे झाला तरी चालतं. उरल्या ८,०००. खण उघडा असला, की गप्पा मारता मारता तबकडी फिरवून तो शेवटचे दोन आकडे काढायचा. मग उरायचे फार तर २० प्रयत्न!

ओक रिजच्या कर्नलला त्याने बजावलं, काम करताना खण बंद ठेवायला सांगा. कर्नलने सूचना काढली: फाइनमन ज्यांच्या खोलीत आला होता, त्यांनी आकडे बदलावेत. (बग दाखवणाऱ्यालाच बग समजणारे मॅनेजर मीही पाहिलेत.) नवे आकडे पाठ करायला लागले म्हणून लोक चिडले, तेही फाइनमनवरच.