लोडशेडिंगच्या काळातले जनरेटर

आमच्या मुरबाड तालुक्यात 'वीज गेली' असं कुणी म्हणत नाही. 'लाईट गेली' म्हणतात, आणि म्हणताना कुणाला नवलही वाटत नाही. शेजारच्या शहापुरातलं तानसा धरण 1892 पासून मुंबईला पाणी पाजतं, पुढे भातसाही त्याच कामाला लागलं. खोपोलीची वीज 1915 पासून मुंबईच्या गिरण्यांना गेली. आमच्या वाट्याला रॉकेलची चिमणी, कंदील, आणि लग्नाकार्याला भाड्याने आणलेली गॅसबत्ती.

राज्य विद्युत मंडळ 1960 साली स्थापन झालं. खांब गावोगाव पोचायला पुढे बरीच वर्षं लागली. खांब आले तरी पावसाळ्यात तारेवर झाड पडलं की दोन-दोन दिवस अंधार. निर्धास्त असायचा तो एकटा भातगिरणीवाला. त्याचं डिझेल इंजिन पुकपुक करत चाले आणि कांडप थांबत नसे.

दाभोळचा वीजप्रकल्प 2001 साली बंद पडला. राज्यात मागणी वाढत गेली, निर्मिती मागे राहिली. 6 जून 2005 ला मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आलं, तोवर लोडशेडिंग मुक्कामालाच आलेलं होतं. ज्या फीडरवर गळती आणि थकबाकी जास्त, त्याला अंधारही जास्त, असा हिशेब. खेड्यातली फीडर त्यात मागेच. बिल वेळेवर भरणाराही शेजाऱ्याबरोबर काळोखात बसायचा.

याच काळात जनरेटर मांडवातून घरात आला. आधी तो मंडपवाल्याकडे असे, हळदीच्या रात्री घराच्या मागे धडधडे. मग किराणा दुकानदार, डॉक्टर आणि बंगलेवाले यांनी छोटे घेतले. काही पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे. एक केव्हीएच्या जनरेटरवर दिवे, पंखा, टीव्ही चालत. पाण्याची मोटर मात्र लावायची नाही, कारण सुरू होताना मोटर चालू करंटच्या कितीतरी पट ओढते आणि जनरेटर गुदमरतो. धुरात विषारी वायू असतो, म्हणून यंत्र पडवीत नाही, अंगणात ठेवायचं. हे शहाणपण लोकांना हळूहळू आलं.

एक गोष्ट मात्र कित्येकांना उमगत नव्हती. वायरिंग बदलायचा खर्च नको म्हणून दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करायची आणि जनरेटरचा करंट घरातल्या प्लगातच घुसवायचा. मेनस्विच पाडायचं राहिलं की तोच करंट सर्व्हिस वायरने उलटा खांबाकडे जातो. ट्रान्सफॉर्मर एरवी 11 हजार व्होल्टचे अडीचशे करतो. उलट्या वाटेने तो अडीचशेचे हजारो करतो. तार मेली समजून खांबावर चढलेल्या माणसाला ते कसं कळावं?

आमच्याकडचा एक म्हातारा वायरमन वादळानंतर यायचा तेव्हा खांबाजवळ जायच्या आधी गावभर कान लावून फिरायचा. कुठे आवाज आला की दारात उभा राहायचा.

"दादा, मेन पाडलाय ना? बगून सांग. मना घरी पोरं हायेत."

मग तारांना अर्थिंगची साखळी टाकायची, तेव्हाच वर पाऊल. त्याच्या त्या फेऱ्यांमुळेच आमच्या आळीत चेंजओव्हर स्विच बसले. त्याचा खटका एका वेळी एकाच बाजूला जातो, एक तर लाईनीकडे, नाही तर जनरेटरकडे. स्विच काही महाग नव्हता, पण त्याची गरज कुणीतरी दारात येऊन सांगावी लागली.

पुढे गावठाणाची आणि शेतीपंपांची फीडर वेगळी होऊ लागली, लोडशेडिंग ओसरलं, घरोघर इन्व्हर्टर आले. बरेच जनरेटर पडवीत गोणपाटाखाली गेले. मृगाच्या वादळात ते अजून बाहेर निघतात. दोरी ओढण्याआधी घरातलं कुणीतरी ओरडतंच, "मेन पाडला का?"