दोन समुद्रांमधली वाट : फार्सन दांपत्याचा १९२५ चा जलप्रवास

एम.ए.च्या वर्गात प्रवासवर्णन शिकवताना एक प्रश्न दर वर्षी आमच्यापुढे येतो. प्रवासवर्णनाला ललित साहित्य मानावे, की इतिहासाचे साधन? गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'चा दाखला दिला की प्रश्न तात्पुरता मिटतो. वरसईचा एक भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तर हिंदुस्थानात जातो, १८५७ च्या धामधुमीत सापडतो आणि जे पाहिले ते पुढे लिहून ठेवतो. १९०७ मध्ये छापून आलेली ती हकीकत आज इतिहासाचे आणि वाङ्मयाचे असे दोन्हीकडचे विद्यार्थी वाचतात. परंतु भटजींच्या वाटेत इतिहास स्वतःच येऊन उभा राहिला होता. ज्या प्रवासात लढाई नाही, लूटमार नाही, केवळ एक नवरा-बायको स्वखुशीने होडीत बसून निघाले आहेत, त्याच्या वर्णनातून इतिहासाच्या हाती काय लागते?

या दृष्टीने नेग्ली फार्सन याचे 'सेलिंग ॲक्रॉस युरोप' हे १९२६ चे पुस्तक आम्हाला विचार करण्याजोगे वाटते. १९२५ मध्ये फार्सन आणि त्याची पत्नी ईव्ह यांनी एका लहान शिडाच्या नौकेतून, नद्या आणि कालव्यांच्या मार्गाने, उत्तर समुद्राकडून काळ्या समुद्राकडे युरोप खंड ओलांडला. त्या प्रवासाचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. त्याकडे शेवटी वळू.

फार्सन मूळचा अमेरिकन. जन्म १८९० चा, न्यू जर्सीतला. पहिल्या महायुद्धात तो युद्धसाहित्याच्या व्यापारानिमित्त पेट्रोग्राडला होता आणि रशियन क्रांती त्याने जवळून पाहिली. पुढे ब्रिटिश वायुदलात शिरला. इजिप्तमध्ये विमान कोसळले आणि पायाचे दुखणे जन्मभरासाठी मागे लागले. १९२० मध्ये त्याने ईव्ह स्टोकर हिच्याशी विवाह केला. लग्नानंतर दोघे कॅनडात व्हँकुव्हर बेटावरच्या काउइचन सरोवरात, पाण्यावर तरंगणाऱ्या घरात, सुमारे दोन वर्षे राहिले. म्हणजे संसाराची सुरुवातच पाण्यावर झाली होती. त्यानंतर शिकागोत मालमोटारी विकण्याची बऱ्या पगाराची नोकरी आली. ती सोडून त्यांनी 'फ्लेम' नावाची नौका घेतली. वाटेत लिहिलेले लेख 'शिकागो डेली न्यूज' या वृत्तपत्राला पाठवायचे ठरले.

'फ्लेम'ची लांबी अवघी २६ फूट. तिची घडण इंग्लंडमधील नॉर्फक ब्रॉड्सच्या पाण्यासाठी झालेली होती. ब्रॉड्स म्हणजे पूर्व इंग्लंडमधली उथळ सरोवरे. ती निसर्गनिर्मित आहेत अशी पूर्वी समजूत होती. मध्ययुगात जळणासाठी पीट खणून काढल्यामुळे पडलेल्या खड्ड्यांत पाणी साचून ती तयार झाली, हे १९५० च्या दशकातील संशोधनाने सिद्ध केले. अशा उथळ पाण्यात खोल कण्याची नौका चालत नाही. म्हणून तिच्या तळाशी मधोमध वर-खाली करता येणारी फळी असते. वारा आडवा असला की फळी खाली सोडायची, म्हणजे नौका बाजूला वाहवत जात नाही. तळ लागू लागला की वर ओढून घ्यायची. सरोवरांसाठी घडलेली ही युक्ती खंडाच्या पोटातून जाणाऱ्या नद्यांना आणि कालव्यांना तितकीच उपयोगी होती.

आता मार्ग पाहू. हॉलंडमधून ऱ्हाइन नदीने मुखाकडून वर माइन्त्सपर्यंत. तिथून माइन नदीने बाम्बेर्ग. बाम्बेर्गपासून लुडविग कालव्याने डोंगराळ प्रदेश ओलांडून केल्हाइम. आणि केल्हाइमपासून डॅन्यूबच्या प्रवाहाबरोबर पूर्वेकडे, व्हिएन्ना, बुडापेस्ट, बेलग्रेड मागे टाकत काळ्या समुद्राकडे. नकाशावर ही रेघ सलग दिसते. प्रत्यक्षात मात्र सुरुवातीची वाट प्रवाहाविरुद्ध आहे. ऱ्हाइनच्या चिंचोळ्या खोऱ्यात पाण्याला इतकी ओढ आहे, की केवळ शिडावर वर जाणे अशक्यप्राय. पूर्वी तिथे काठावरून घोडे नावा ओढीत. वाफेचे युग आल्यावर ओढबोटींमागे पडावांची माळ चाले. माइनवर तर आणखी वेगळी तऱ्हा होती. आशाफेनबुर्ग ते बाम्बेर्ग या भागात नदीच्या तळाशी लांबच लांब साखळी टाकलेली असे आणि वाफेच्या बोटी ती साखळी उचलून, तिला धरून, पुढे सरकत. ही साखळीबोटींची वाहतूक १९३६ पर्यंत चालू होती. फार्सन दांपत्य त्या नदीतून गेले तेव्हा ती अखेरच्या दशकात होती.

मार्गाचा खरा कणा लुडविग कालवा. माइन आणि डॅन्यूब जोडण्याची कल्पना फार जुनी. सम्राट शार्लमेनने ७९३ मध्ये तसा चर खणण्याचा उद्योग केला होता. त्याच्या खुणा बव्हेरियात आजही दाखवतात. हजारएक वर्षांनी बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याने हे काम हाती घेतले आणि १८४६ मध्ये सुमारे १७३ किलोमीटरांचा कालवा पुरा झाला. त्यावर १०० लॉक होते. लॉक म्हणजे दोन दरवाजांमधला हौद: नौका आत घ्यायची, पाणी भरून तिला वरच्या पातळीवर चढवायची किंवा सोडून खालच्या पातळीवर उतरवायची. अशा पायऱ्यांनी कालवा समुद्रसपाटीपासून ४१७ मीटर उंचीवर जाई. परंतु त्याचा मुहूर्तच चुकला. जर्मनीतील पहिली वाफेची आगगाडी त्याच कालव्याच्या वाटेवरील न्यूरेंबर्गहून फ्यूर्टला १८३५ मध्येच धावली होती. कालवा पुरा होईतो रेल्वेने त्याचा व्यापार खाल्ला. लॉकची रुंदी जेमतेम साडेचार मीटरांहून थोडी अधिक, त्यामुळे मोठे पडाव आत शिरत नसत. आणि सर्वांत वरच्या भागात पाण्याची टंचाई कायमची. १९२५ मध्ये तो मेला नव्हता, पण जगतही नव्हता.

अशा वाटेने जाणाऱ्या माणसाच्या पाहण्याचे काय होते, हा आमच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा आहे. आगगाडीच्या खिडकीतून दिसणारे गाव दृश्य असते. लॉकपाशी थांबलेल्या नौकेतून दिसणारे गाव तसे राहत नाही, कारण तिथल्या माणसाने दरवाजा उघडल्याशिवाय आपण पुढे जाऊ शकत नाही. १७३ किलोमीटरांत शंभर वेळा थांबणे म्हणजे शंभर वेळा कुणाच्या तरी सवडीवर अवलंबून असणे. राजधानीत उतरून मंत्र्याची भेट घेणाऱ्या बातमीदाराला जे दिसत नाही, ते अशा खोळंब्यात दिसते. ही दृष्टी फार्सनला प्रतिभेने लाभली असे म्हणण्यापेक्षा त्याच्या वाहनाने त्याच्यावर लादली, असे म्हणणे अधिक खरे होईल.

आणि पाहण्यासारखे होते तरी काय? महायुद्ध संपून सात वर्षे झाली होती. ऱ्हाइनच्या काठावर दोस्त राष्ट्रांच्या फौजा अजून ठाण मांडून होत्या. कलोनमध्ये ब्रिटिश, माइन्त्समध्ये फ्रेंच. डॅन्यूबवर जुने ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य मोडून नवी राष्ट्रे झाली होती. एकेका शहराची नावे बदलली होती. प्रेसबुर्ग १९१९ पासून ब्रातिस्लाव्हा झाले होते. कोमारोमसारख्या गावाची दोन शकले पडून एक तीर चेकोस्लोव्हाकियाकडे आणि दुसरे हंगेरीकडे गेले होते. मौज अशी, की कायद्याने नदी पूर्वीपेक्षा मोकळी होती. युद्धोत्तर तहांनी आणि १९२१ च्या करारानुसार डॅन्यूब सर्व देशांच्या नौकांना खुली ठेवलेली होती. पाणी सर्वांचे आणि तीर परक्याचे, अशी ती अवस्था. नौकेतल्या माणसाला हा विरोध रोज अनुभवावा लागे: मधोमध असला तर जगाचा नागरिक, काठाला दोर बांधला की पासपोर्ट काढा!

इथे आम्ही विद्यार्थ्यांना एक सावधगिरी सुचवतो. न्यूरेंबर्ग हे नाव वाचताच आपल्या डोळ्यांपुढे १९२७ पासून तिथे भरू लागलेले नाझी मेळावे आणि १९४५ चा खटला येतो. १९२५ मध्ये तिथून नौका नेणाऱ्याला यांतले काही ठाऊक असणे शक्य नाही. त्याच्या लेखी ते 'दोन युद्धांमधले' वर्ष नव्हते. ते युद्धानंतरचे वर्ष होते. पुढचे माहीत नसलेल्या माणसाने लिहिलेले असणे, हेच अशा पुस्तकाचे ऐतिहासिक मोल आहे. इतिहासकार शेवट जाणून सुरुवात लिहितो. प्रवासी मात्र पुढचे वळण न दिसता लिहीत असतो.

पुढच्या काळाने ती वाटच पुसून टाकली. दुसऱ्या महायुद्धात कालव्याची मोडतोड झाली आणि १९५० मध्ये तो वाहतुकीतून कायमचा काढून टाकण्यात आला. न्यूरेंबर्ग ते एरलांगेन या पट्ट्यात त्याच्या जागेवरून आज द्रुतगती मार्ग जातो. १९९२ मध्ये नवा माइन-डॅन्यूब कालवा खुला झाला. त्यावर शंभराच्या जागी १६ लॉक पुरतात. डॅन्यूबवरील 'लोहद्वार' नावाच्या घळईत खडकांमधून फेसाळणारे पाणी नावाड्यांचा काळ होते. १८९६ मध्ये तिथे जहाजांसाठी खास चर काढला गेला, आणि १९७२ मध्ये धरण पुरे झाल्यावर सारी घळईच जलाशयाखाली गेली. तिथल्या आदा काले या बेटावर ऑस्मानी काळापासून तुर्की वस्ती होती, मशीद होती, बाजार होता. धरणाच्या पाण्यात ते बेट बुडाले. म्हणजे 'फ्लेम'ने धरलेली वाट आज जशीच्या तशी कुणालाही धरता येणार नाही.

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाव मात्र एकट्या नेग्लीचे आहे. नौका दोघांनी चालवली. २६ फुटांच्या नौकेत दोनच माणसे असली तर 'प्रवासी' आणि 'सोबतीण' असा भेद टिकत नाही. एक हात सुकाणूवर असला तर दुसरा दोरावर असावाच लागतो. ईव्हची नजर आपल्यापर्यंत पोहोचते ती नवऱ्याच्या वाक्यांतून. तिच्या वारशाचा विचार केला तर ही उणीव अधिकच जाणवते. ईव्ह ही 'ड्रॅक्युला'कार ब्रॅम स्टोकरची पुतणी. १८९७ च्या त्या कादंबरीच्या अखेरीस पाठलाग डॅन्यूबवरच्या गालात्स बंदरातून नदीमार्गाने वर जातो. स्टोकर स्वतः ट्रान्सिल्व्हानियात कधीही गेला नव्हता. पुस्तके आणि नकाशे चाळून त्याने तो प्रदेश उभा केला. काकाने ग्रंथालयात बसून लिहिलेल्या डॅन्यूबवर पुतणी स्वतः नौका घेऊन गेली. पण कल्पनेतून लिहिणाऱ्याचे नाव जगभर झाले आणि प्रत्यक्ष पाहणारी नवऱ्याच्या पुस्तकात एक पात्र होऊन राहिली. प्रवासवर्णन इतिहासाचे साधन म्हणून वाचताना 'कोणी लिहिले' याइतकेच 'कोण नौकेत होते आणि लिहिले नाही' हेही विचारावे, असे आम्हाला वाटते.

आता मुंबईचा धागा. या प्रवासानंतर 'शिकागो डेली न्यूज'ने फार्सनला परदेशी वार्ताहर म्हणून नेमले आणि १९३० मध्ये, मिठाच्या सत्याग्रहाच्या दिवसांत, तो हिंदुस्थानात आला. ५ मे १९३० रोजी कराडी येथे गांधीजींना मध्यरात्रीनंतर अटक झाली आणि पहाटे आगगाडी बोरिवलीला मध्येच थांबवून त्यांना मोटारीने येरवड्याला नेण्यात आले. त्या वेळी रुळांपाशी जे मोजके परदेशी पत्रकार हजर होते, त्यांत फार्सन होता. पुढे २१ जूनला मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर बंदी मोडून जमलेल्या स्वयंसेवकांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. कमरेला कृपाण असूनही ते न उपसता, रक्तबंबाळ होईपर्यंत उभे राहिलेल्या शिखांचे वर्णन फार्सनने शिकागोला धाडले. महिनाभर आधी धारासण्याला वेब मिलरने जे काम केले, त्याच जातीचे हे काम होते. देशी वृत्तपत्रांच्या मानेवर सरकारी वटहुकमांचा फास असताना अशा साक्षींना केवढे मोल होते, हे वेगळे सांगायला नको.

नौकेच्या प्रवासामुळेच फार्सनला मैदानावर तसे पाहता आले, असा कार्यकारणभाव आम्ही मांडू इच्छित नाही. पेट्रोग्राडने त्याला पुष्कळ शिकवलेच होते. पण अधिकाऱ्यांच्या निवेदनावर विसंबून न राहता जागेवर जाणे, तिथे ताटकळणे आणि समोरच्या साध्या माणसावर नजर ठेवणे, ही सवय त्याच्या दोन्ही लेखनांत सारखीच आहे. सरोवरात, कालव्यात, लॉकच्या दारापाशी या सवयीला मुरायला वेळ मिळाला होता. गोडसे भटजींना साक्षीदार केले ते काळाने. फार्सनला, निदान काही अंशी, संथ पाण्याने.

तेव्हा वर्गातल्या त्या प्रश्नाला आमचे उत्तर असे: प्रवासात इतिहास घडला की नाही, यावर प्रवासवर्णनाचे मोल ठरत नाही. प्रवासी किती वेळा थांबला आणि कुणासाठी थांबला, यावर ते ठरते. पुढच्या सत्रात 'माझा प्रवास' शिकवताना भटजी कुठे कुठे मुक्काम करतात, याची यादी आम्ही विद्यार्थ्यांकडून करून घेणार आहोत.