नोविस ते एक्स्पर्ट: मोटरसायकल रेसिंगमध्ये वरच्या वर्गात कधी जावं?

छत्रपती संभाजीनगर आणि मोटरसायकल हे नातं जुनं आहे. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. सस्पेन्शन आणि ब्रेक बनवणाऱ्या एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीजचं मुख्यालयही वाळूजलाच आहे. गाडी खोलून परत जोडणारी पोरं या शहरात गल्लोगल्ली सापडतात.

पण रेसिंगमध्ये नाव कमवायचं असेल तर शहराबाहेर पडावं लागतं. मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींसाठी पुणे-नाशिककडे, डांबरी सर्किटसाठी थेट चेन्नई किंवा कोइमतूरला. एवढी धावपळ करून एखाद्याने नोविस वर्गात दोन-तीन ट्रॉफ्या मिळवल्या, की मित्र म्हणायला लागतात, "आता एक्स्पर्टला उतर."

उतरावं का? आणि कधी? या एका निर्णयावर रायडरचे पैसे, हाडं आणि पुढची काही वर्षं अवलंबून असतात.

नोविस आणि एक्स्पर्ट म्हणजे काय?

भारतातल्या अधिकृत मोटरस्पोर्टचा कारभार फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजेच एफएमएससीआय पाहते. मान्यताप्राप्त शर्यतीत उतरायला या संस्थेचं स्पर्धा लायसन्स लागतं. रस्त्यावर गाडी चालवायचं आरटीओचं लायसन्स वेगळं आणि हे वेगळं.

मातीवरच्या शर्यतींमध्ये, म्हणजे सुपरक्रॉस आणि डर्ट ट्रॅकमध्ये, साधारण असे वर्ग दिसतात:

- लोकल: स्पर्धा ज्या शहरात आहे, तिथल्या रायडर्ससाठी.
- नोविस: नवख्यांसाठी.
- इंडियन एक्स्पर्ट: भारतीय बनावटीच्या गाड्यांवरचे अनुभवी रायडर.
- प्रायव्हेट एक्स्पर्ट: कंपनीच्या संघात नसलेले, स्वतःच्या खर्चाने धावणारे अनुभवी रायडर.
- फॉरेन ओपन: परदेशी बनावटीच्या, खास मोटोक्रॉससाठी बनलेल्या गाड्या.

डांबरी सर्किटवरही अशीच उतरंड असते. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत नवख्यांसाठी १६५ सीसीचा नोविस वर्ग असतो आणि त्याच्या वर १६५ सीसी व ३०१ ते ४०० सीसीचे प्रो-स्टॉक वर्ग असतात.

नियम काय सांगतात?

कोणत्या वर्गात कोण उतरू शकतो, हे त्या वर्षीच्या नियमावलीत आणि प्रत्येक स्पर्धेच्या पूरक नियमांत दिलेलं असतं. रायडर मंडळी या पूरक नियमांना नुसतं 'एसआर' म्हणतात. फॉर्म भरण्याआधी ते वाचणं गरजेचं, कारण वर्गांची नावं आणि अटी दरवर्षी थोड्याफार बदलू शकतात.

एक गोष्ट मात्र बहुतेक ठिकाणी सारखी असते. वर जाता येतं, खाली परतणं अवघड. वरच्या वर्गात नाव लागलेला रायडर पुढच्या स्पर्धेत नोविसचा फॉर्म भरायला गेला, तर इतर स्पर्धक हरकत घेऊ शकतात. म्हणून 'एकदा उतरून बघू, नाही जमलं तर परत येऊ' हा हिशोब इथे चालत नाही.

इतर देशांत हा निर्णय कोण घेतं?

अमेरिकेत मोटोक्रॉसमध्ये सी, बी आणि ए असे वर्ग असतात. सी म्हणजे नवखा, ए म्हणजे एक्स्पर्ट. सतत चांगले निकाल देणाऱ्या रायडरला वर जावंच लागतं. खालच्या वर्गात बसून ट्रॉफ्या गोळा करायची मुभा त्याला मिळत नाही.

ब्रिटनमध्ये सर्किट रेसिंगचा नवखा रायडर आधी प्रशिक्षण घेतो आणि मग अंगावर केशरी जॅकेट घालून धावतो, म्हणजे मागून येणाऱ्याला तो नवखा आहे हे लांबूनच कळतं. शर्यत नीट पूर्ण केली की त्याची नोंद होते. अशा ठरावीक नोंदी जमल्या की वरचं लायसन्स मिळतं. त्यासाठी जिंकण्याची अट नाही. पडता-झडता एखादी शर्यत जिंकण्यापेक्षा दहा शर्यती सुखरूप पूर्ण करणारा तिथे वरच्या वर्गासाठी अधिक तयार समजला जातो.

भारतात हा निर्णय बराचसा रायडरवर सोडलेला असतो. त्यामुळे मोजमापही त्यालाच करावं लागतं.

ट्रॉफीपेक्षा घड्याळ बघा

नोविसमधली ट्रॉफी त्या दिवशी शेजारी कोण होते, यावर अवलंबून असते. घड्याळ कुणाचं तोंड बघत नाही. बऱ्याच ठिकाणी नोविस आणि एक्स्पर्ट या दोन्ही शर्यती त्याच ट्रॅकवर, त्याच दिवशी होतात. म्हणजे तुलना करायला आयतं साधन हाताशी असतं.

एक उदाहरण घेऊ. एक्स्पर्ट वर्गातला विजेता एक फेरी ६० सेकंदांत मारतो आणि शर्यत ८ फेऱ्यांची आहे.

- ७० सेकंदांची फेरी मारणारा नोविस: विजेत्याची सातवी फेरी संपते त्याच क्षणी तो मागून येऊन याला गाठतो. म्हणजे हा रायडर शर्यत लढत नाही, वाट देत असतो.
- ६४ सेकंदांची फेरी मारणारा नोविस: विजेत्याने शर्यत संपवली तेव्हा हा साधारण अर्धी फेरी मागे असतो. हरतो, पण शर्यतीत असतो.

मोटोजीपीमध्येही असाच निकष आहे. सर्वांत वेगवान रायडरच्या वेळेच्या १०७ टक्क्यांच्या आत फेरी मारली तरच मुख्य शर्यतीत उतरता येईल, अशी मर्यादा तिथे अनेक वर्षं होती. नंतर ती आणखी कडक झाली. ६० सेकंदांचे १०७ टक्के म्हणजे ६४.२ सेकंद. गावाकडच्या डर्ट ट्रॅकला हा नियम लागू नाही, पण मोजपट्टी म्हणून तो उपयोगी पडतो.

सर्वोत्तम फेरी पाहून थांबू नये. पहिली फेरी ६४ सेकंदांची आणि शेवटची ७० ची असेल, तर अडचण दमाची आहे. मातीवर गाडी दाबून धरताना मनगटापासून कोपरापर्यंतचा हात दगडासारखा घट्ट होतो. रायडर याला 'आर्म पंप' म्हणतात. पकड सुटायला लागते, क्लच-ब्रेक वेळेवर दाबले जात नाहीत. दमलेल्या हाताने घेतलेली उडी ही पडण्याची तयारीच असते. सगळ्या फेऱ्या एक-दीड सेकंदाच्या फरकात बसायला लागल्या, की तो रायडर वरच्या वर्गाच्या जवळ पोहोचला असं समजावं.

वरच्या वर्गात नेमकं काय बदलतं?

पहिला बदल उड्यांचा. टेबलटॉप म्हणजे वर सपाट असलेला उंचवटा. त्यावर उडी कमी पडली तरी गाडी माथ्यावर टेकते आणि पुढे जाता येतं. 'डबल' म्हणजे मध्ये खड्डा असलेले दोन उंचवटे. इथे उडी कमी पडली तर पुढचं चाक समोरच्या चढावर आदळतं. नोविस रायडर डबल एकेक करून पार करतो आणि वेळ घालवतो. एक्स्पर्ट वर्गात मागचा रायडर ती एका झेपेत घेणार असतो. पुढचा अचानक थांबला, तर वरून येणाऱ्याला हवेत ब्रेक लावता येत नाही. म्हणून ट्रॅकवरची प्रत्येक उडी सरावात, प्रत्येक फेरीत, न घाबरता पार होत नसेल तर एक्स्पर्टचा फॉर्म भरू नये.

दुसरा बदल गर्दीचा. एक्स्पर्टमध्ये पहिल्या वळणावर कुणीच हात आखडता घेत नाही. हँडलला हँडल लागतं. तिथे सरळ रेषेत राहणं आणि मागच्याला आपली चाल ओळखू येणं महत्त्वाचं ठरतं.

तिसरा बदल झेंड्यांचा. पिवळा झेंडा दिसला की पुढे अपघात आहे, ओव्हरटेक करायचं नाही. निळा झेंडा म्हणजे मागून वेगवान रायडर येतोय, वाट द्या. नोविसमध्ये निळा झेंडा क्वचित दिसतो. एक्स्पर्टच्या पहिल्या हंगामात तो रोजचा सोबती होऊ शकतो.

खर्च कुठे वाढतो?

नोविस वर्गात रोजच्या वापरातली गाडी थोडेफार बदल करून चालते. वर गेलं की गाडी शर्यतीसाठीच ठेवावी लागते. परदेशी गाडीच्या वर्गात तर आकडाच बदलतो. कावासाकीची मोटोक्रॉससाठीची केएक्स २५० भारतात सुमारे ८ लाख रुपयांच्या आसपास विकली गेली आहे. अशा गाडीची रस्त्यासाठी नोंदणी होत नाही. संभाजीनगरहून पुण्याला न्यायची तर चालवत नेता येत नाही, छोटा हत्ती किंवा पिकअप करावी लागते.

त्यावर टायर, पिस्टन, चेन-स्प्रॉकेट, बूट, नेक ब्रेस, मेकॅनिकचा मुक्काम आणि प्रवेश फी. चेन्नईचं सर्किट तर हजार किलोमीटरहून दूर. कंपनीचा संघ मिळेपर्यंत हा सगळा भार घरावर असतो आणि संघ मिळेलच अशी हमी कुणी देत नाही. पूर्ण हंगामाचा खर्च, अधिक एका मोठ्या अपघाताचा खर्च, एवढी रक्कम कर्ज न काढता बाजूला असेल तरच वरचा वर्ग झेपतो. नोविसमध्ये आणखी एक वर्ष काढणं हे अर्धवट सोडलेल्या एक्स्पर्ट हंगामापेक्षा स्वस्त पडतं.

वयाचा प्रश्न

२०२१ मध्ये युरोपातल्या शर्यतींत १४, १५ आणि १९ वर्षांच्या तीन रायडर्सचा मृत्यू झाला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने किमान वयाच्या अटी वाढवल्या आणि जागतिक अजिंक्यपदासाठी १८ वर्षांची मर्यादा आणली. भारतातही ५ ऑगस्ट २०२३ रोजी चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर राष्ट्रीय स्पर्धेदरम्यान बंगळुरूच्या १३ वर्षांच्या मुलाने जीव गमावला.

या घटनांमुळे एक गोष्ट ठळक झाली. लहान वयात वेग लवकर येतो, पण धोका ओळखायची समज त्याच गतीने येत नाही. १८ वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची संमती लागते. ती सही करण्याआधी पालकांनी एकदा तरी एक्स्पर्टची शर्यत पहिल्या वळणाजवळ उभं राहून पाहावी.

ज्यांनी पायऱ्या चढल्या

पुण्याचा सार्थक चव्हाण होंडाच्या टॅलेंट कपमध्ये एनएसएफ २५० आर ही शर्यतीचीच गाडी चालवत पुढे आला आणि मग टीव्हीएसच्या संघातून प्रो-स्टॉक वर्गात धावला. आधी शिकण्यासाठी आखलेली स्पर्धा, मग खुला वर्ग.

बंगळुरूचा सी. एस. संतोष २०१५ मध्ये डकार रॅलीत उतरणारा पहिला भारतीय ठरला आणि ३६ वा आला. पण त्यामागे देशातल्या मोटोक्रॉसची अनेक वर्षं आणि २०१३ ची अबुधाबी डेझर्ट चॅलेंज होती. केरळचा हरिथ नोहा आधी राष्ट्रीय सुपरक्रॉस विजेता झाला, २०२१ च्या डकारमध्ये २० वा आणि २०२४ मध्ये ११ वा आला. मर्चंट नेव्हीत नोकरी करणारे मुंबईचे आशिष रावराणे २०२१ च्या डकारमध्ये कोणत्याही कंपनीच्या संघाशिवाय उतरले. नोकरी सांभाळून, उशिराही वरची पायरी गाठता येते.

उशीर केला तर?

घाईचं नुकसान लगेच दिसतं, उशिराचं हळूहळू. वर्षानुवर्षं नोविसमध्ये जिंकणाऱ्याला पुढे कुणी दिसतच नाही. चुकीची रेषा, उशिरा लावलेला ब्रेक, सगळं खपून जातं आणि सवय पक्की होते. शिवाय नवख्यांची जागा अडते. सलग काही शर्यती मोठ्या फरकाने जिंकत असाल, तर नोविसमध्ये शिकण्यासारखं संपलं आहे.

फॉर्म भरण्याआधीची यादी

- गेल्या सहा-सात शर्यतींपैकी बहुतेक न पडता पूर्ण झाल्या आहेत का?
- किमान दोन वेगवेगळ्या ट्रॅकवर फेरीची वेळ एक्स्पर्ट विजेत्याच्या १०७ टक्क्यांच्या जवळ आहे का?
- पहिल्या आणि शेवटच्या फेरीत फार फरक नाही ना?
- सगळ्या उड्या सरावात पार होतात का?
- पूर्ण हंगामाचे पैसे आणि अपघाताचा विमा तयार आहे का?
- पहिल्या वर्षी शेवटच्या पाचांत येण्याची मनाची तयारी आहे का?

सहाही उत्तरं 'हो' असतील तर पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला वर जावं, मध्येच नको. हंगामाच्या मधोमध गेल्यास नोविसचे गुण वाया जातात आणि एक्स्पर्टचे पुरेसे जमत नाहीत.

रात्री मोकळ्या रस्त्यावर मारलेला वेग या यादीत कुठेच मोजला जात नाही. परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे. पहिल्यांदा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रस्त्यावर ना झेंडा दाखवणारा असतो, ना कडेला उभी ॲम्ब्युलन्स.