पेंढीभर गवताची चोरी



दिंडीचा इतिहास, विणेकरी-चोपदारांच्या आठवणी या स्मरणिकेत इतरत्र आल्याच आहेत. पण आपली दिंडी ज्या काळात उभी राहिली, त्या काळाचीही एक गोष्ट इथं असावी असं आम्हाला वाटलं. गोष्ट कोर्टातली आहे, आणि चोरीची आहे. चोरी कशाची, तर गवताची.

साल १९३०. एप्रिलात गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. आता वऱ्हाडात समुद्र कुठून आणायचा? अकोल्याकडं दहीहंड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्याचं मीठ करून झालं. यवतमाळच्या डोंगराळ मुलखात तीही सोय नव्हती. तिथं होतं जंगल. म्हणून कायदा मोडायचा तर जंगलाचा, असं ठरलं. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात शिरून गवत कापलं. आषाढीला तेव्हा आठवडाही झाला नव्हता. माघारी फिरलेले वारकरी अजून वाटेवरच असतील.

बापूजी वणीचे, यवतमाळला वकिली करणारे, संस्कृतचे गाढे पंडित. असा माणूस हातात विळा घेऊन उभा राहिला आणि त्याच्यावर खटला भरला गेला तो चोरीचा. राजद्रोहाचा नाही, बंडाचा नाही. भारतीय दंड विधान, कलम ३७९. बाजारात कुणाचा लोटा लांबवला किंवा जत्रेत खिसा कापला तर जे कलम लागे, तेच. मॅजिस्ट्रेटनं सहा महिन्यांची कैद सुनावली.

हे कलम जरा उघडून बघण्यासारखं आहे. कायद्याच्या मते चोरी फक्त हलवता येणाऱ्या वस्तूची होते. जमिनीत मुळं असलेलं गवत ही अशी वस्तू नव्हेच. ते उभं आहे तोवर त्याची चोरी होत नाही; विळा फिरला आणि ते भुईपासून सुटलं, की त्याच क्षणी ते चोरीचा माल होऊ शकतं. शिवाय चोरीला लबाडीचा हेतू लागतो. म्हणजे स्वतःचा गैरफायदा, नाहीतर दुसऱ्याचा गैरतोटा. आधी जाहीर करून, दिवसाढवळ्या, पोलिसांच्या डोळ्यांदेखत गवत कापणाऱ्याचा हेतू लबाडीचा कसा म्हणायचा? त्याच दंड विधानात कलम ९५ही आहे. शहाण्यासुरत्या माणसानं तक्रारही करू नये इतकं किरकोळ नुकसान असेल तर तो गुन्हाच नव्हे, असं ते सांगतं. बापूजी स्वतः वकील; हे सगळं त्यांना ठाऊक असणारच. पण सत्याग्रही सहसा बचाव मांडत नसत. केलंय, शिक्षा द्या, एवढंच. त्यामुळे असे खटले कोर्टात फार वेळ चालत नसत.

काल्याच्या कीर्तनात चोरीचंच वर्णन ऐकायला आपण मांडी घालून बसतो, आणि शेवटी त्या चोराच्याच नावाचा गजर करतो. ते वेगळं, हे वेगळं, हे आम्हालाही कळतं. तरी राहवत नाही म्हणून लिहिलं.

पण खरी गोष्ट बापूजींच्या खटल्याच्या आधीची आहे. १८७८च्या जंगल कायद्यानं रानांचे राखीव, संरक्षित असे भाग पाडले. जिथं गावची गुरं पिढ्यान्‌पिढ्या चरत होती तिथं पास आला, चराईची फी आली. गुरं हद्दीत शिरली की कोंडवाड्यात. सोडवायची तर दंड भरा. मोळी आणणारी बाई, भारा आणणारा पोरगा, सगळे नाकेदाराच्या नजरेखाली. त्यांच्यासाठी गवत कापणं हा सत्याग्रह नव्हता. दारात बैल उपाशी होता. दिंडीच्या गाड्यांनासुद्धा बैल लागत, आणि बैलाला रोज चारा लागतो, हे काही आपल्या माणसांना सांगायला नको. अशा माणसाला तालुक्याच्या कोर्टात उभं केलं तर त्याच्या गळ्यात हार पडत नसे. दंड भरायचा, नाहीतर आत बसायचं. गावात परत आल्यावर नाव एकच, चोर.

म्हणूनच पुसदचं गवत आम्हाला मोठं वाटतं. ज्या कामासाठी गरिबाला चोर म्हणत होते, तेच काम एका प्रतिष्ठित वकिलानं भर दिवसा केलं आणि तोच शिक्का स्वतःवर घेतला. पुढं जंगल सत्याग्रह इतरत्रही पेटला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला कुलाबा जिल्ह्यात चिरनेरला गोळीबार झाला, माणसं मेली. बापूजी सुटून आले, पुढं बिहारचे राज्यपाल झाले, १९६८ साली पद्मविभूषण झाले. लोकनायक म्हणून त्यांचं नाव राहिलं, ते योग्यच. भाऱ्यावाल्या बायाबापड्यांची नावं मात्र दंडाच्या पावतीपलीकडं कुठं गेली नाहीत.

१ जुलै २०२४ला जुनं दंड विधान जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली. पालख्या तेव्हा वाटेवर होत्या. ३७९ गेलं, ३०३ आलं. पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर आता समाजसेवेची शिक्षा आहे. भुईपासून सुटलं की चोरी, हा खुलासा मात्र नव्या पुस्तकातही तसाच आहे.