मलबारच्या सुरियानी ख्रिस्त्यांतील पंथभेद

ख्रिस्ती धर्मातील निरनिराळे पंथ सिद्धान्तभेदातून उत्पन्न झाले, असे त्या त्या पंथांचे ग्रंथकार सांगतात व इतिहासलेखकही बहुधा तेच गृहीत धरून चालतात. मलबारातील सुरियानी ख्रिस्त्यांचा वृत्तान्त तपासून पाहता हे गृहीत तेथे टिकत नाही, असे आमचे मत झाले आहे. तेथील मूळ भांडण धर्माध्यक्ष कोणी नेमावा याविषयीचे होते. सिद्धान्त मागाहून आला.

प्रथम सिद्धान्तच थोडक्यात सांगतो. इ. स. ४३१ मध्ये इफेससच्या धर्मसभेने कॉन्स्टॅन्टिनोपलचा बिशप नेस्टोरियस यास पाखंडी ठरविले. मरियेस 'देवमाता' न म्हणता 'ख्रिस्तमाता' म्हणावे, असा त्याचा आग्रह असे. येशूच्या ठायीचे दैवी व मानवी स्वभाव त्याने इतके विलग केले की एकाच्या दोन व्यक्ती झाल्या, हा त्याजवरील आरोप. इराणी साम्राज्यातील पूर्व सुरियानी चर्चने हा निर्णय मानला नाही. पुढे ४५१ मध्ये कॅल्सिडनच्या सभेने 'एक व्यक्ती, दोन स्वभाव' असे सूत्र बांधले. ते अँटिओकच्या परंपरेतील पश्चिम सुरियान्यांनी, ज्यांस याकोबी म्हणतात, नाकारले. देहधारी ख्रिस्ताचा स्वभाव संयुक्त व एकच, असे त्यांचे म्हणणे. रोमचे मत ह्या दोहोंच्या मधले. वाचकांनी ही दोन टोके ध्यानात ठेवावीत.

मलबारचे ख्रिस्ती आपली परंपरा प्रेषित थॉमसपर्यंत नेतात. ती बाजूस ठेवली तरी कोल्लमचा तरिसापल्ली ताम्रपट इ. स. ८४९ चा आहे व त्यावर पहलवी, कूफी आणि हिब्रू लिपींतील साक्षी आहेत. बिशप इराकाकडून येई, उपासना सुरियानी भाषेत चाले आणि लौकिक कारभार स्थानिक आर्चडीकनच्या हाती असे. शेवटचा असा बिशप मार अब्राहम १५९७ मध्ये वारला. त्याने रोमची मान्यता घेतलेली होती. तरीही पोर्तुगीजांचे समाधान नव्हते, ही गोष्ट आमच्या मते सर्वांत बोलकी आहे.

गोव्याचा आर्चबिशप आलेइशो द मेनेझिश याने जून १५९९ मध्ये उदयंपेरूर येथे धर्मसभा बोलाविली. तिने नेस्टोरियसचा धिक्कार करविला, बाबेलच्या पेट्रिआर्कचे नाव प्रार्थनेतून काढले, धर्मगुरूंचे विवाह बंद केले व सुरियानी पोथ्या सुधारण्यास किंवा जाळण्यास सांगितले. जळालेल्या पोथ्यांत काय होते, हे आता कधी कळावयाचे नाही. त्याच सभेच्या एका ठरावात 'थॉमसचा नियम वेगळा, पीटरचा वेगळा' ह्या समजुतीचा मुद्दाम निषेध आहे. आपला धर्म रोमच्या विरुद्ध आहे असे ते लोक म्हणत नव्हते. तो आपल्यास वेगळ्या हातून मिळाला, एवढेच म्हणत होते. खुद्द गोव्याच्या मुलखात फादर स्टीफन्सचे मराठी क्रिस्तपुराण १६१६ त रायतूर येथे छापले गेले. तेव्हा ग्रंथाच्या भाषेपेक्षा तो कोणाच्या अधिकाराखाली लिहिला, हेच पाहिले जाई असे दिसते.

पुढील पन्नास वर्षे जेझुइट बिशप व आर्चडीकन यांच्या कुरबुरीत गेली. १६५२ मध्ये अहतल्ला नामक पूर्वेकडील एक बिशप मैलापूरास उतरला. पोर्तुगीजांनी त्यास अटकेत ठेवून गोव्याकडे रवाना केले व कोचीनास लोकांची भेट होऊ दिली नाही. त्यास समुद्रात बुडविले, अशी आवई उठली. वस्तुतः तो पुढे युरोपात वारला. पण आवईने आपले काम केले. ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टांचेरी येथील क्रूसास दोर बांधून जमावाने शपथ घेतली. हीच 'कूनन क्रूसा'ची शपथ.

ही शपथ कोणाविरुद्ध होती? कॅथॉलिक लेखकांच्या मते केवळ जेझुइट व आर्चबिशप गार्सिया यांच्याविरुद्ध. इतरांच्या मते रोमविरुद्धच. आम्हांस पहिला पक्ष सबळ वाटतो. कारण रोमने कार्मेलाइट धर्मगुरू पाठविताच पुष्कळ लोक परतले आणि १६६३ मध्ये त्यांच्यापैकीच परंपिल चांडी हा बिशप झाला. शपथ रोमविरुद्ध असती, तर हे इतक्या लवकर घडते ना.

उरलेल्यांनी आर्चडीकन थॉमस यास १२ धर्मगुरूंच्या हस्तस्पर्शाने बिशप केले होते. बिशपाशिवाय बिशप होत नाही, ही उणीव त्यांस बोचत होती. १६६५ मध्ये मार ग्रेगोरियोस आला, त्याने ती भरून काढली. तो मात्र याकोबी होता! ज्यांचे पूर्वज एका टोकाच्या चर्चशी जोडलेले होते, ते आता दुसऱ्या टोकाच्या चर्चशी जोडले गेले. ह्या स्थित्यंतरात स्वभावांविषयी वादविवाद झाल्याचे आढळत नाही. उपासनेची पद्धतही हळूहळू, पुढील शतकात, बदलली.

ह्याला अपवाद एकोणिसाव्या शतकातला. अब्राहम मल्पान याने १८३६ च्या सुमारास मृतांसाठी प्रार्थना व संतांची विनवणी वर्ज्य केली, त्यातून मार थोमा चर्च निघाले. हा भेद खरोखर मतांचा. परंतु १९१२ मध्ये याकोबी व ऑर्थोडॉक्स असे जे दोन पक्ष पडले, त्यांची श्रद्धा व उपासना एकच आहे. अँटिओकच्या पेट्रिआर्कचा अधिकार किती, एवढाच त्यांचा वाद. सर्वोच्च न्यायालयाने ३ जुलै २०१७ रोजी १९३४ च्या घटनेप्रमाणे देवळांचा कारभार चालावा असा निकाल दिला. तरी कोणत्या देवळाची किल्ली कोणाकडे, ह्यावर गावोगाव तंटे झाले.