वेगांची सापेक्षतावादी बेरीज

वेग नेहमी विशिष्ट संदर्भचौकटीतूनच मोजला जातो. चौकट बदलताना वेगांची साधी बेरीज करावी, हा जुना नियम. १८५१ साली फ्रेंच शास्त्रज्ञ इपोलित फिझो यांनी वाहत्या पाण्यातून प्रकाश सोडला, तेव्हा पाण्याच्या वेगाचा निम्म्याहून कमी अंशच प्रकाशाच्या वेगात मिळाल्याचे आढळले. पाणी ईथर या कल्पित माध्यमाला अंशतः ओढून नेते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाई. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी बेरजेचे नवे सूत्र मांडले. त्यानुसार प्रकाशवेगाच्या ६० टक्के वेगाने समोरासमोर येणाऱ्या दोन यानांचा परस्परसापेक्ष वेग १२० नव्हे, सुमारे ८८ टक्के भरतो. १९०७ मध्ये माक्स फॉन लाउए यांनी याच सूत्राने फिझो यांच्या निरीक्षणाची उपपत्ती लावली. त्यासाठी ईथरची गरज उरली नाही.