शहराचे त्रिमितीय मॉडेल : सॉफ्टवेअर व हार्डवेअरची निवड

शहराचे त्रिमितीय मॉडेल : एखाद्या शहरातील किंवा त्याच्या मोठ्या भागातील इमारती, रस्ते, पूल, झाडे आणि जमिनीचे चढउतार यांची संगणकावर उभी केलेली, मोजमापाला खरी उतरणारी मांडणी. एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात अनुज्ञेय बांधकाम) वाढवला तर गल्लीत ऊन किती उरेल, नदीला पूर आला तर पाणी कुठवर चढेल, मेट्रोचा उन्नत मार्ग कुणाच्या खिडकीसमोरून जाईल, हे प्रत्यक्ष बांधकामाआधी अशा मॉडेलवर तपासता येते. एका इमारतीसाठी उत्तम ठरलेले सॉफ्टवेअर शहरापुढे बहुधा गुडघे टेकते. म्हणून शहरासाठी निवड वेगळ्या क्रमाने करावी लागते : आधी प्रश्न, मग माहिती, मग सॉफ्टवेअर आणि शेवटी यंत्र. प्रत्यक्षात बरीच कार्यालये महागडे यंत्र आधी घेतात आणि पैसा तिथेच वाया जातो.

प्रश्न ठरला की तपशिलाची पातळी ठरते. ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम या संस्थेने 2008 साली स्वीकारलेल्या सिटीजीएमएल या मानकात या पातळ्या आखून दिल्या आहेत. शून्य पातळीवर इमारतीचा जमिनीवरचा ठसा, पहिलीवर सपाट माथ्याचा ठोकळा, दुसरीवर छपराचा खरा आकार आणि तिसरीवर दारे-खिडक्या असतात. शहरभराच्या वाऱ्याच्या ढोबळ अभ्यासाला ठोकळे पुरतात, सौरऊर्जेच्या अंदाजाला छपरे लागतात. अख्खे शहर दारे-खिडक्यांसह उभे करण्याचा हट्ट धरला, तर काम वर्षानुवर्षे रेंगाळते आणि तोवर शहर बदललेले असते. नेदर्लंड्समध्ये ‘थ्रीडी बॅग’ या प्रकल्पाने देशातील सुमारे 1 कोटी इमारतींची मॉडेले तयार केली, ती हाताने रेखाटून नव्हे. इमारतींची सरकारी नोंदवही आणि विमानातून लायडरने (लेझर किरणांनी अंतर मोजणाऱ्या उपकरणाने) घेतलेल्या उंच्या यांची सांगड घालून ती आपोआप तयार होतात.

हेलसिंकीचे उदाहरण निवड करणाऱ्याने जरूर पाहावे. या शहराने एकाच वेळी दोन मॉडेले ठेवली. एक हवाई छायाचित्रांपासून बनवलेले जाळे : दिसायला हुबेहूब, पण त्यातील घर कुठे संपते आणि झाड कुठे सुरू होते हे संगणकाला ठाऊक नसते. दुसरे सिटीजीएमएलमधील : दिसायला साधे, पण त्यात प्रत्येक इमारत स्वतंत्र वस्तू असून तिला माहिती जोडता येते. शहराचा ऊर्जा व हवामान नकाशा दुसऱ्या मॉडेलवर उभा राहिला. दोन्ही मॉडेले लोकांसाठी मोफत खुली आहेत.

सॉफ्टवेअरमध्ये एकच सर्वगुणसंपन्न नाव शोधू नये. नकाशा व जमिनीची माहिती सांभाळायला क्यूजीआयएस मोफत आहे आणि बहुतेक कामांना पुरते. सिटीइंजिन नियमांवर चालते. सामासिक अंतर, मजल्यांची उंची, कमाल उंची हे नियम एकदा लिहिले की हजारो भूखंडांवर इमारती उभ्या राहतात आणि नियम बदलताच सगळ्या बदलतात. विकास नियंत्रण नियमावलीचे पर्याय तपासण्याला याहून सोयीची पद्धत नाही. ऱ्हायनो आणि त्यातील ग्रासहॉपर हे एखाद्या प्रभागाची बारीक रचना करणाऱ्यांचे आवडते साधन. स्केचअप शिकायला सोपे, पण मोठ्या पसाऱ्यात लवकर जड होते. रेव्हिट एका इमारतीच्या भिंती, दारे, नळ यांसाठी घडवलेले आहे. त्यात वस्ती भरू नये. अंतिम मॉडेल ब्राउझरवर नागरिकांना दाखवायचे असेल तर ‘थ्रीडी टाइल्स’ ही पद्धत वापरतात. तिच्यात नजरेसमोरचा तुकडाच तपशिलाने उतरतो.

नवख्यांना हमखास छळणारी एक अडचण उगमबिंदूची आहे. जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या यूटीएम या नकाशा-पद्धतीत पुण्याचे उत्तरेकडील अंतर विषुववृत्तापासून सुमारे 20 लाख 48 हजार मीटर येते. ग्राफिक्स कार्ड चित्र काढताना आकडे सहसा 32 बिटांत धरते आणि एवढ्या मोठ्या आकड्यात दोन शेजारच्या किमतींमधले अंतर 12.5 सेंटिमीटर असते. परिणामी खिडकीच्या चौकटी दातेरी दिसतात, कॅमेरा फिरवला की भिंती थरथरतात आणि दोष कार्डाला दिला जातो. उपाय फुकट आहे : शहरातला एखादा बिंदू शून्य मानायचा, सर्व आकड्यांतून त्याचे अंतर वजा करायचे आणि ती वजाबाकी प्रकल्पाच्या नोंदीत लिहून ठेवायची. ही नोंद हरवली की दोन चमूंची कामे पुन्हा जुळत नाहीत.

हार्डवेअरचा अंदाज माहितीच्या वजनावरून बांधता येतो. लायडरने चौरस मीटरला 20 बिंदू घेतले, तर एका चौरस किलोमीटरचे 2 कोटी बिंदू होतात. लास या फायलीच्या एका प्रचलित प्रकारात बिंदूला 28 बाइट लागतात. म्हणजे 560 मेगाबाइट, आणि 500 चौरस किलोमीटरच्या शहराचे 280 गिगाबाइट. एवढी माहिती एकदम रॅममध्ये ओतायची नसते, तिचे चौकोनी तुकडे पाडतात. त्यामुळे जलद एनव्हीएमई डिस्क इथे फार उपयोगी पडते. रॅम 64 गिगाबाइटपासून पुढे असावी. मॉडेल घडवण्याची बरीच कामे प्रोसेसरचा एकच गाभा करतो, म्हणून तिथे गाभ्यांच्या संख्येपेक्षा वेग पाहावा; रेंडरिंगला मात्र सगळे गाभे कामी येतात. ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी बहुधा पोत-चित्रांनीच भरते. झाडांची युक्ती सोपी : 5 हजार त्रिकोणांचे झाड 1 लाख वेळा लावले तर 50 कोटी त्रिकोण होतात, पण एकच झाड साठवून त्याच्या फक्त जागा नोंदवल्या तर मेमरीवरचा भार नगण्य राहतो.

एवढी माहिती स्वतःच्या यंत्राऐवजी क्लाउडवर ठेवायची असेल, तर भारतात ती निवड नियमांशीही बांधलेली आहे. फेब्रुवारी 2021 च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आडव्या दिशेत 1 मीटर व उभ्या दिशेत 3 मीटरपेक्षा सूक्ष्म अचूकतेची भूस्थानिक माहिती भारतीय संस्थांनीच तयार करावी आणि ती देशातच साठवून तिच्यावर प्रक्रिया करावी, असे बंधन आहे. मोफत मिळणाऱ्या माहितीच्या मर्यादाही ओळखाव्यात : इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरील कार्टोडेम हे उंचीचे मोफत जाळे 30 मीटरचे आहे. डोंगर-दरी समजायला ते चांगले, गल्लीतले पाणी कुठे तुंबेल हे सांगायला अपुरे.

सॉफ्टवेअर पाच-दहा वर्षांत बदलते, शहराची माहिती पिढ्यान्‌पिढ्या लागते. म्हणून खरेदीच्या करारावर सही करण्याआधी विक्रेत्याकडून आपल्याच शहराचा, दाट वस्तीतला एक चौरस किलोमीटर आपल्याच यंत्रावर उघडून घ्यावा, तो सिटीजीएमएलमध्ये बाहेर काढायला लावावा आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून इमारतींना जोडलेली माहिती शाबूत आहे का ते पाहावे. ती गळाली असेल तर ते सॉफ्टवेअर घेऊ नये.